निरोपांचे घर कोठे असावे?

४ ऑक्टोबर २०२१ हा सोमवार महाराष्ट्रातील शाळांच्या चांगला लक्षात आहे. करोनाच्या साथीमुळे बंद असलेले ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग त्या दिवशी पुन्हा भरले. त्याच रात्री नऊच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम या तिन्ही सेवा जगभर एकदम बंद पडल्या आणि सुमारे सहा तास बंदच राहिल्या. दीड वर्ष ज्या गटांवर गृहपाठ, सूचना आणि वह्यांची छायाचित्रे येत होती ते सगळे गट मुके झाले. तिन्ही सेवांची मालक कंपनी एकच होती, हे अनेकांना त्या रात्री प्रथमच कळले.

बिघाड कसला होता? इंटरनेट हे एक जाळे नसून हजारो स्वतंत्र जाळ्यांचे मिळून झालेले जाळे आहे. प्रत्येक जाळे शेजारच्या जाळ्यांना सतत सांगत असते, ‘अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचे टपाल माझ्याकडे द्या.’ त्या दिवशी देखभालीच्या कामात दिल्या गेलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या संगणककेंद्रांना एकमेकांशी जोडणारा कणाच तुटला. नावावरून पत्ता सांगण्याचे काम करणाऱ्या तिच्या संगणकांनी, आपला केंद्रांशी संपर्क उरलेला नाही असे पाहून, स्वतःकडे येणाऱ्या वाटांची घोषणा मागे घेतली. यंत्रे शाबूत होती, निरोप शाबूत होते. जगाच्या नकाशावरून त्यांच्याकडे जाणारी वाट तेवढी पुसली गेली होती.

किन्हवलीतल्या मुलाने मुरबाडच्या मित्राला पाठवलेला निरोप सरळ मुरबाडला जात नाही, ही गोष्ट आपल्या ध्यानात का येत नाही? याचे कारण भौतिकीत आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. सेवा देणारा संगणक समुद्रापलीकडे ४,००० किलोमीटरवर असला तरी जाऊन येऊन होणाऱ्या ८,००० किलोमीटरना फक्त ०.०४ सेकंद लागतो. शेजारच्या गावी जाण्यासाठी घेतलेला हा प्रचंड वळसा डोळ्याची पापणी लवण्याच्या आत संपतो. तो जाणवला असता तर ‘मध्ये कोण बसले आहे?’ हा प्रश्न आपण फार पूर्वीच विचारला असता.

हा मध्ये बसलेला संगणक म्हणजे सर्व्हर. ते काही निराळ्या जातीचे यंत्र नव्हे. जो संगणक सतत जागा राहून इतर संगणकांच्या मागण्या ऐकतो आणि मागितलेले काढून देतो तो सर्व्हर. ग्रंथालयाच्या खिडकीमागे बसलेल्या ग्रंथपालासारखेच त्याचे काम. मग हा ग्रंथपाल आपल्याच घरी बसवला तर? आपली छायाचित्रे, आपले निरोप, शाळेच्या प्रश्नपत्रिका आपल्याच कपाटात ठेवता येतील. जगभर हजारो हौशी माणसे असे करतात. आपण थोडे हिशेब करून पाहू.

पहिला हिशेब विजेचा

रास्पबेरी पाय या नावाचा तळहाताएवढा संगणक २०१२ साली ब्रिटनमध्ये निघाला. साधी कामे करताना असा संगणक सुमारे ५ वॅट शक्ती घेतो असे धरू. दिवसाला ५ × २४ = १२० वॅट-तास झाले. आपला ६० वॅटचा पंखा दोन तासांत एवढीच ऊर्जा खातो! वर्षाचे ४३.८ युनिट होतात. याउलट १०० वॅट घेणारा जुना टेबलावरचा संगणक अहोरात्र चालू ठेवला तर वर्षाला ८७६ युनिट जळतील. म्हणजे फुकट मिळालेले जुने यंत्र फुकट पडत नाही.

परंतु वीज गेली तर? १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मीच वापरायची आणि थोडी रूपांतरात वाया जाणार, असे धरले तर आपला लहान सर्व्हर जवळजवळ सात तास तग धरतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा ती सात तासांत येतेच असे नाही, हा भाग वेगळा.

येथे एक सुंदर गणित आहे. समजा, एक सर्व्हर दहा दिवसांत एक दिवस बंद असतो. तसाच दुसरा सर्व्हर ठेवला तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता ०.१ × ०.१ = ०.०१, म्हणजे शंभरात एक. पण हा गुणाकार करण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो? दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. दोन्ही सर्व्हर एकाच रोहित्रावर असतील तर ते एकदमच बंद पडतील. एकाच खोलीत असतील तर एकच वीज कोसळून दोन्ही जातील. म्हणून दुसरी प्रत नाशिकच्या मावशीकडे ठेवावी. त्याच घरातल्या दुसऱ्या कपाटात ठेवलेली प्रत ही मनाची समजूत होय. ४ ऑक्टोबरला जे घडले तेही नेमके हेच होते. कंपनीकडे असंख्य संगणक होते, पण त्या सर्वांना जोडणारा कणा एकच होता.

पत्ता नसलेले घर

दुसरी अडचण पत्त्याची. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. असे पत्ते एकूण २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ होतात. पृथ्वीवरील माणसे ८०० कोटींच्या पुढे गेली आहेत आणि एकेका घरात चार-चार यंत्रे आहेत. पत्ते पुरत नाहीत. म्हणून दूरध्वनी कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात.

आश्रमशाळेच्या वसतिगृहाचे उदाहरण घ्या. टपालखात्याच्या दृष्टीने तेथे एकच पत्ता आहे. आतल्या एखाद्या मुलाने बाहेर पत्र पाठवले की अधीक्षक वहीत नोंद करतात आणि उत्तर आले की वही पाहून ते त्या मुलाला देतात. परंतु बाहेरच्या माणसाने आपण होऊन पत्र धाडले, त्यावर नुसता वसतिगृहाचा पत्ता लिहिला, तर अधीक्षक ते कोणाला देणार? मोबाइलच्या जोडणीवर ठेवलेल्या घरच्या सर्व्हरची अवस्था अशीच होते. तो बाहेर बोलू शकतो. बाहेरचे त्याला हाक मारू शकत नाहीत. नवे पत्ते १२८ द्विमान अंकांचे आहेत आणि ते भारतात मोठ्या प्रमाणावर वापरात आले आहेत. त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये एवढी आहे, तेव्हा तुटवडा संपला. तरीही सुरक्षिततेसाठी आपण होऊन येणाऱ्या हाका अडवण्याची पद्धत बहुधा चालूच राहते. यावर तोडगा म्हणून काही जण बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतात आणि घरचा सर्व्हर त्याच्याशी सतत जोडलेला ठेवतात. म्हणजे स्वावलंबनासाठी पुन्हा भाडेकरू व्हायचे! गंमत आहे, पण उपाय चालतो.

शहापूर तालुक्यातील विद्यार्थ्यांना पाण्याची उपमा लगेच पटेल. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आपल्याच तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात आपल्याच कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. आडात पाणी आपले असते, पण गाळही आपणच काढावा लागतो. नळाला गाळ काढावा लागत नाही; नळ केव्हा सुटेल हे मात्र दुसरा ठरवतो. घरच्या सर्व्हरचा गाळ म्हणजे आज्ञावलींच्या सुधारणा, नियमित प्रती आणि आगंतुकांपासून राखण. ज्याला हे काम नको त्याने आड खणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईचे पहिले टपाल

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. घरी सर्व्हर बसवला, पण आपल्याला बोलायचे आहे ती माणसे दुसरीकडेच असतील तर? एकट्याच्या घरात निरोपसेवा कसली?

अमेरिकेत १९६४ साली पॉल बॅरन या अभियंत्याने जाळ्यांच्या तीन आकृत्या काढल्या. पहिलीत सर्व तारा एकाच बिंदूला मिळतात. हे एककेंद्री जाळे. दुसरीत अनेक लहान केंद्रे एकमेकांना जोडलेली असतात, हे बहुकेंद्री. तिसरी कोळ्याच्या जाळ्यासारखी, जिला केंद्रच नाही. पहिल्या आकृतीतला मधला बिंदू पुसा, सर्व काही संपते. दुसरीतला एखादा पुसला तर त्याच्या भोवतीचे थोडेच तुटतात.

भारतातील संगणकीय टपालाचा आरंभ दुसऱ्या आकृतीसारखा झाला, आणि तो आपल्या जवळच, मुंबईत झाला. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधनाचे जाळे हाती घेतले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्था होत्या. या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा त्यात पुढाकार होता. १९८७ मध्ये हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या दूरध्वनीच्या तारेवरून संगणकीय टपाल सुरू झाले. एका संस्थेचा संगणक दुसऱ्याला दूरध्वनी लावी, साठवलेली पत्रे देई, त्याच्याकडची घेई आणि तार सोडून देई. दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये कायमची भाड्याची तार १९९१ च्या जानेवारीत आली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० अंक. आजच्या मोबाइलवरचे दोन मेगाबाइटचे एक छायाचित्र तिच्यावरून धाडायला अर्ध्या तासाजवळ वेळ लागला असता. (गणित करून पहा: १६० लक्ष अंक भागिले ९,६००.) सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले.

या व्यवस्थेत प्रत्येक संस्थेचा सर्व्हर स्वतःचा होता. समान होता तो नियम: पत्रावर पत्ता कसा लिहायचा, दुसऱ्या यंत्राला नमस्कार कसा करायचा, पत्र पोचले हे कसे सांगायचे. हाच प्रकार दूरध्वनीत आजही दिसतो. एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता येते आणि २०११ च्या जानेवारीपासून देशभर क्रमांक न बदलता कंपनीही बदलता येते. व्हॉट्सॲपमधून दुसऱ्या निरोपसेवेत असे जाता येईल का?

एका गटात ५० माणसे आहेत असे समजा. त्यांच्या जोड्या होतात ५० × ४९ ÷ २ = १,२२५. त्यांतील १० जण कंटाळून नव्या सेवेत गेले. त्यांच्या आपसांत ४५ जोड्या होतील. मागे राहिलेल्या ४० जणांच्या ७८० जोड्या शाबूत राहतील. उरलेल्या ४०० जोड्या, म्हणजे गेलेल्या व राहिलेल्यांमधले धागे, तुटतील. गेलेल्या प्रत्येकाने ४० ओळखी गमावल्या, राहिलेल्याने फक्त १०. म्हणून जो आधी निघतो त्याचेच नुकसान अधिक. म्हणून कोणी निघत नाही. दोन सेवांत समान नियम असेल तर मात्र हे ४०० धागे तुटतच नाहीत. सर्व्हर कोणाच्या घरी आहे यापेक्षा या ४०० धाग्यांचे काय होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्यानुसार मोठ्या निरोपसेवांनी, मागणी आल्यास, दुसऱ्या सेवांशी निरोपांची देवघेव करू दिली पाहिजे. त्यामागचा विचार हाच आहे.

मॅस्टोडॉनची गोष्ट

समान नियमावर चालणारी समाजमाध्यमे निघाली आहेत. जर्मनीतील ऑयगेन रोखको या तरुणाने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सुरू केले. तेथे एक कंपनी, एक सर्व्हर असे नाही. कोणीही आपला सर्व्हर उभारावा आणि ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नियमाने इतरांशी बोलावे. जागतिक वेबचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने या नियमाला २०१८ च्या जानेवारीत मान्यता दिली.

भारतात या नावाचा गवगवा २०१९ च्या नोव्हेंबरात झाला. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले, त्याचा निषेध म्हणून हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. त्यांतील बरेच जण थोड्याच आठवड्यांत परतले. ४०० धाग्यांचे गणित येथे दिसले: नवे घर मोकळेढाकळे होते, पण ओळखीची माणसे जुन्याच आळीत राहिली होती.

यावर वाद आहेत आणि दोन्ही बाजूंना दम आहे. विरोधक विचारतात, घाण कोण काढणार? द्वेषपूर्ण मजकूर, फसवणूक, खोटी छायाचित्रे हटवायला मोठ्या कंपन्या पगारी माणसे ठेवतात. हौशी चालकाने नोकरी सांभाळून रात्री हे करायचे. आणि आपल्या कायद्याप्रमाणे दुसऱ्यांचा मजकूर साठवणारा हा ‘मध्यस्थ’ ठरतो, मग त्याचा सर्व्हर स्वयंपाकघराच्या फळीवर का असेना. मॅस्टोडॉन डॉट लोल हा हजारो सदस्यांचा सर्व्हर चालवणारा एकटा माणूस सततच्या भांडणांना कंटाळला आणि २०२३ मध्ये त्याने तो बंद केला. सदस्यांना आपले अनुयायी दुसऱ्या सर्व्हरवर नेता आले. जुने लेखन मात्र आपोआप सोबत जात नाही. ब्लूस्काय या नंतरच्या सेवेच्या रचनेत माणसाची ओळख सर्व्हरपासून वेगळी ठेवली आहे ती याच कारणाने.

समर्थक उत्तर देतात की प्रत्येक गाव आपले नियम करील आणि न पटणाऱ्या गावाशी व्यवहार बंद करील. २०१९ च्या जुलैत ‘गॅब’ हे द्वेषपूर्ण मजकुराबद्दल कुप्रसिद्ध असलेले माध्यम मॅस्टोडॉनची आज्ञावली घेऊन उभे राहिले. ती आज्ञावली सर्वांसाठी खुली असल्यामुळे त्याला कोणी रोखू शकले नाही. परंतु इतर असंख्य सर्व्हरांनी त्याला वाळीत टाकले आणि ते आपल्याच बेटावर राहिले. वाळीत टाकण्याचा आपल्या समाजातला इतिहास चांगला नाही, हे खरे; उद्या याच हत्याराने एखाद्या निरुपद्रवी गटालाही एकटे पाडता येईल.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. लहान सर्व्हर म्हणजे अधिक खासगी, असे नाही. व्हॉट्सॲपचे निरोप २०१६ पासून दोन टोकांच्या मध्ये कुलूपबंद असतात. त्यांतील मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. कोण कोणाशी केव्हा बोलले हे मात्र तिला कळू शकते. मॅस्टोडॉनच्या मूळ रचनेत खासगी निरोपालाही असे कुलूप नाही. सर्व्हरच्या चालकाने मनात आणले तर तो ते वाचू शकतो. केंद्र किती आणि कुलूप कसले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आणि टपालाचे पुढे काय झाले? नियम आजही तोच खुला आहे, तरी बहुतेकांच्या पत्रपेट्या दोन-चार कंपन्यांकडेच गेल्या आहेत. घरच्या सर्व्हरवरून पाठवलेले पत्र पुष्कळदा कचरा समजून बाजूला टाकले जाते. गाळ काढण्याचा कंटाळा हे एकवटण्याचे मोठे कारण आहे. मात्र कंपनी बदलली तरी आपण जगाला पत्र पाठवू शकतो, एवढा फरक खुल्या नियमाने राखला.

केंद्र आणि जाळे यांच्या मध्ये आणखी एक वाट आहे व ती मराठी माणसांनी चोखाळलेली आहे. अमेरिकेतील अजय गल्लेवाले यांनी १९९६ च्या सप्टेंबरात, गणेश चतुर्थीला, ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले. परदेशातली मराठी कुटुंबे तेथे पाककृती, कविता आणि भांडणे यांसाठी जमू लागली. त्यानंतर ऑर्कुट आले, कॉलेजातील साऱ्या मुलांना त्याने वेड लावले आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झाले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे ‘कू’ २०२० मध्ये आले आणि २०२४ च्या जुलैत त्याने आवरते घेतले. मायबोली मात्र पंचवीस वर्षे ओलांडून पुढे गेली. ती कोणत्या खुल्या नियमाने इतरांशी जोडलेली नाही, त्या अर्थाने तीही एककेंद्रीच. पण ते केंद्र तिच्या वाचकांच्या ओळखीचे आहे.

करून पहा

शाळेत एखादा जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय असेल तर शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करता येईल. त्याला एक वायफायचा राउटर जोडा. इंटरनेटची गरज नाही. ‘किविक्स’ ही विनामूल्य आज्ञावली आणि मराठी विकिपीडियाची तयार प्रत एकदा शहापूरला जाऊन उतरवून आणा व त्यावर बसवा. आता वर्गातील मोबाइलवरून विकिपीडिया वाचता येईल, बाहेरचे जग बंद असले तरी.

मग मोजमापे घ्या. वीजमापक मिळाला तर संगणक किती वॅट घेतो ते पहा आणि वरील पाच वॅटांशी ताडून पहा. सर्व्हरवर एक चित्रफीत ठेवा आणि ती एका वेळी पाच, दहा, वीस मोबाइलवर चालवा; कितव्या मोबाइलला ती अडखळते? राउटरपासून दर पाच पावलांवर जोडणीचा जोर नोंदवा, मध्ये भिंत असताना आणि नसताना, शक्य तर झाडाआडूनही. वायफायच्या लहरी झाडोऱ्यात लवकर शोषल्या जातात. याच कारणाने आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघरजवळच्या खामलोळी परिसरातील सात गावे जोडताना दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरल्या. वायफायची वारंवारता २,४०० मेगाहर्ट्झ धरून दोन्हींची तरंगलांबी काढा, म्हणजे झाडांतून कोणती लहर अधिक सहज जाईल याचा अंदाज येईल.